वेषाचा कागद

दोड्डप्पांचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि घर पुन्हा आमचं झालं तेव्हा वहिनीने आईच्या पुस्तकाचा विषय काढला.

"वन्सं, एकच प्रत राहिलीय. तीही हळदीने पिवळी झालीय. पुन्हा छापून घेऊया का?"

मी कपाटातून मूळ कॉपी काढली. छापखान्यात हस्तलिखिताला कॉपी म्हणतात, आणि त्या पुस्तकापासून आमच्या घरातही तोच शब्द रूढ झाला आहे. कॉपीतले आईचे शब्द जसे होते तसेच आहेत. कॉपीवर लावलेला एक कागद तेवढा नवा करायचा आहे. अर्ध्या तासाचं काम, पण मी काही दिवस त्या कागदापाशीच अडून बसले आहे. म्हणून आधी हे लिहून काढते.

दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शब्द कानडी आहे. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की कोण, कुणाच्या फौजेबरोबर आला, हे कुणालाच धड सांगता येत नाही. चामराजपेटेतल्या घरात आम्ही मराठीच बोलतो, पण वडील अण्णा, थोरले काका दोड्डप्पा, फोडणी म्हणजे ओग्गरणे, आणि पुरे म्हणायचं तर साकु. दोड्डप्पांची पत्नी तरुणपणीच वारली. मूलबाळ नव्हतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही आणि ते आमच्यातच राहिले. सरकारी कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाले. पुण्याहून टपालाने एक मासिक मागवत. त्यातलं मराठी ते खरं मराठी, आणि आपण बोलतो ती मोडतोड, असं त्यांचं ठाम मत होतं.

आई त्यांच्याशी कधी थेट बोलली नाही. थोरल्या दिराशी बोलायचं नाही ही तिच्या माहेरची रीत, आणि आमच्याही घरची. ती स्वयंपाकघराच्या दारातून आम्हा मुलांना सांगायची, "दोड्डप्पांना सांगा, पानं मांडलीत." दोड्डप्पा चार हातांवर बसलेले असत. तेही आम्हालाच सांगत, "आलो म्हणावं." आमचं काम मध्ये उभं राहायचं एवढंच. त्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

आईचं हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरांनी तिला चुलीपाशी जायची बंदी केली, तेव्हा वहिनी या घरात नवीन होती. मधल्या खोलीतल्या पलंगावर पडून आई स्वयंपाक सांगायची आणि वहिनी आत तो करायची. मी संध्याकाळी कामावरून आले की आईजवळ बसून ती सांगेल ते लिहून घ्यायची. मला लघुलेखन येत होतं. त्यामुळे तिचा एक शब्दही माझ्या हातून सुटत नसे, ती मध्येच देवाला किंवा मांजराला काही बोलली तरी. "मीठ किती?" विचारलं की "स्वल्प." "गूळ कुठवर आटवायचा?" तर "हद येईपर्यंत." हद म्हणजे पदार्थ नेमका व्हायला हवा तसा झाल्याचा क्षण. याला मराठीत दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

ती गेली. अण्णा होते, म्हणजे ती सवाष्ण गेली. आमच्यात अशा बाईसाठी पितृपक्षातली नवमी असते, अविधवा नवमी. त्या दिवशी सवाष्णींना जेवायला बोलवायचं, त्यांची ओटी भरायची. वर्षश्राद्ध झाल्यावर येणाऱ्या पहिल्या नवमीचं बोलणं निघालं, तेव्हा फारसं न बोलणारे अण्णा म्हणाले, "ओटीत खण-नारळाबरोबर तिचं पुस्तक घालूया." आणि वर बजावलं, "ती जशी बोलली तसं. एक शब्द बदलायचा नाही."

मी हो म्हटलं. ते मी करू शकते याची मला खात्री होती, कारण माझं रोजचं काम तेच होतं.

मी एका संशोधन संस्थेच्या प्रकाशन विभागात होते. शास्त्रज्ञांचे निबंध टंकून, तपासून देशोदेशीच्या नियतकालिकांकडे पाठवायचे. सुरुवातीला फार हाल व्हायचे. प्रत्येक लेखक आपल्या मनाने मजकूर नटवून आणायचा. कुणी मथळ्याखाली तांबड्या शाईने दोन रेघा मारायचा, कुणी वनस्पतींची नावं मोठ्या अक्षरांत लिहायचा. एका नियतकालिकाने निबंध परत केला की दुसऱ्याकडे पाठवायचा, आणि त्यांची पद्धत वेगळी. मग पुन्हा पहिल्यापासून टंकायचं, आणि दर खेपेला नव्या चुका. आमचे साहेब तामिळ गृहस्थ, शांत आणि हट्टी. त्यांनी एक पद्धत बसवली. लेखकाने समासात फक्त सांगायचं की ही गोष्ट काय आहे: हा मथळा, हे सूत्र, हा उतारा, हे वनस्पतीचं नाव. त्यासाठी एकेका अक्षराच्या खुणा ठरलेल्या. ती दिसावी कशी, हे निबंधात कुठेही लिहायचं नाही. ते एका वेगळ्या कागदावर, प्रत्येक खुणेसमोर एक ओळ, एकदाच. नियतकालिक बदललं की तो कागद बदलायचा. निबंधाला हात लावायचा नाही.

आम्ही त्याला वेषाचा कागद म्हणायचो. साहेबांनी त्याचा नमुना दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवला होता. ज्याला हवा त्याने उतरवून न्यावा. कुणी एकदा विचारलं, याचं काही द्यावं लागेल का, तर ते हसले. "खुणांचे कसले पैसे? घेऊन जा, तुझ्या कामापुरता बदल. चांगला बदललास तर आणून दाखव, म्हणजे आम्हीही तसं करू." एका शाळेच्या वार्षिक अंकवाल्यांनी तो कागद नेला आणि कवितेच्या ओळीसाठी नवी खूण जोडून परत आणून दिला. ती खूण मग खिळ्यावरच्या नमुन्यातही आली.

मी तो कागद घरी आणला आणि आईच्या पुस्तकासाठी खुणा ठरवल्या. पदार्थाच्या नावाला 'न', साहित्याला 'सा', कृतीला 'कृ'. आई कृती सांगताना मध्येच जे बोलायची त्याला 'बो', म्हणजे बोल. आणि कानडी शब्दांना 'क'. ही शेवटची खूण छापखान्यासाठी. आमच्या पेठेतल्या त्या छापखान्यात काम सगळं कानडीत चाले. देवनागरी खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, होते ते संस्कृत स्तोत्रांपुरते. खिळे जुळवणाऱ्या, मराठी न येणाऱ्या कंपोझिटरने मराठी मजकुरात कानडी शब्द पाहिला की तो चूक समजून सुधारेल, अशी मला भीती होती. 'क' दिसला की त्याला कळावं, हा शब्द असाच आहे, पुढे जा.

कॉपी तयार झाली आणि दोड्डप्पांनी ती वाचायला मागितली.

दोन दिवसांनी त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. अण्णा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

"हे असं छापणार?"

"हो, दोड्डप्पा."

"उद्या पुण्याचा कोणी पाहुणा येईल. त्याच्या हातात पडेल. ओग्गरणे द्या, हद येऊ द्या. तो म्हणेल, हे मराठी म्हणायचं की उडुपीच्या हॉटेलातली पाटी? हसेल तो."

"हसू दे," अण्णा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"तू गप्प बस. तुला हसतच आलेत लोक." दोड्डप्पा माझ्याकडे वळले. "तू शिकलेली आहेस. फोडणी लिही, थोडं लिही, पुरे लिही. तिचा स्वयंपाक काय त्याने आळणी होणार आहे?"

"ती फोडणी म्हणाली नाही," मी म्हटलं. "मी अण्णांना शब्द दिलाय."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग तडजोड सुचवली. शब्द राहू देत. पण ते आपले नाहीत, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. ते जाड अक्षरांत छाप. "असून असून किती असतील? दहा-वीस. लोकांना दिसेल की आपल्याला फरक कळतो."

मला ते पटलं नव्हतं, पण अडचणही काही नव्हती. 'क' ची खूण आधीच प्रत्येक शब्दाला होती. आईचे शब्द शाबूत राहत होते. मी वेषाच्या कागदावर 'क' समोर 'जाड' असं लिहिलं. 'बो' समोर 'वेगळ्या ओळीत, आधी नक्षीचं फूल' असं लिहिलं, कारण आईच्या बोलण्याला काही मान द्यावा असं मला वाटत होतं. छापखान्याच्या मालकांना सांगितलं, पहिल्या फर्म्याचं, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचं, प्रूफ दाखवल्याशिवाय पुढचं जुळवू नका.

थोड्या दिवसांनी मालकांचा निरोप आला म्हणून मी गेले. ते कानडीतच बोलत, पण सूर मला अजून आठवतो.

"अक्का, माझ्याकडचे जाड खिळे संपले."

"संपले म्हणजे?"

"संपले म्हणजे खिळे ठेवायची केस रिकामी. पहिला फर्मासुद्धा पुरा झाला नाही. मी आयुष्यभर स्तोत्रं छापली. त्यांत जाड असतं फक्त देवाचं नाव. हे पुस्तक आहे की नुसते मथळेच?"

त्यांनी ओलं प्रूफ माझ्यासमोर धरलं. पानावर जणू काळ्या मुंग्या सुटल्या होत्या. ओळीओळीत जाड शब्द. आईच्या एका साध्या वाक्यात तीन-तीन. तिची भाषा मी जन्मापासून ऐकली होती, स्वतः लिहून घेतली होती, त्यातल्या एकेका शब्दाला स्वतः खूण केली होती. तरी ती अशी दिसेल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी ते प्रूफ घरी आणलं आणि दोड्डप्पांच्या हातात दिलं.

ते वाचायला लागले. वहिनी कॉफी घेऊन आली आणि त्यांच्या पेल्यात ओतू लागली.

"साकु, साकु," दोड्डप्पा प्रुफावरून नजर न काढता म्हणाले.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "वन्सं, हा जाड का साधा?"

अण्णांना ठसका लागला. दोड्डप्पांनी वर पाहिलं आणि पुन्हा वाचू लागले. मग पान उलटलं आणि थांबले.

ते पान कारल्याच्या गोज्जुचं होतं. गोज्जु म्हणजे चिंच, गूळ आणि तिखटाचा दाट रस्सा. तो आमच्याकडे सणालाही होतो आणि श्राद्धालाही. कृतीच्या मध्येच, वेगळ्या ओळीत, फुलाच्या पुढे, आईचे बोल छापले होते:

"तिखटाचे दोन वाटे करा. एक आधी घाला. दोड्डप्पांचं पान वाढून झालं की दुसरा घाला. त्यांना सोसत नाही. ते सांगत नाहीत, टाकतही नाहीत, नुसतं पाणी पितात."

त्या बोलांत जाड अक्षरांत होतं ते त्यांचं नाव. कानडी शब्द म्हणून मीच त्याला 'क' लावला होता, नियमाप्रमाणे.

"म्हणजे तुम्ही सगळे वेगळं खात होता?" ते म्हणाले.

वहिनीने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"मला वाटायचं आपल्या घरात गोज्जु असाच असतो." त्यांनी चष्मा काढला. "तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, आमच्याकडे गोज्जु सौम्य करतात."

वहिनी पदराने तोंड झाकून आत गेली. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. दोड्डप्पांनी प्रूफ घडी करून माझ्याकडे दिलं. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना इतकं दुखावलेलं पाहिलं नव्हतं.

"हे वाक्य काढ. आणि ते सगळे कानडी शब्दही काढ. आता मी ऐकणार नाही. माझ्याकडे बोट दाखवून चारचौघात असं छापायचं? फूल लावून?"

काय अडलं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. आईने ते बोट दाखवून सांगितलं नव्हतं. ती कारलं चिरून घ्यायला सांगत होती, आणि चिंच कोळायला सांगते त्याच आवाजात तिने हे सांगितलं होतं. वेगळी ओळ मी दिली होती, फूल मी लावलं होतं, जाड टाइप त्यांनी मागितला होता. यातलं काहीच आईचं नव्हतं.

"मजकुराला हात लावणार नाही, दोड्डप्पा," मी म्हटलं. "वेष बदलते. नवीन प्रूफ बघा. तेव्हाही काढ म्हणालात तर अण्णांना विचारेन."

"म्हणजे काढणार नाहीस."

"नाही."

अण्णांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. दोड्डप्पा उठून आपल्या खोलीत गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. निरोप वहिनीमार्फत येत. "तिला म्हणावं, दिवा मालव."

मी त्या संध्याकाळी वेषाच्या कागदावर दोन ओळी खोडल्या. 'क' समोर लिहिलं: साधा. 'बो' समोर लिहिलं: कृतीतच सलग, त्याच अक्षरात. बाकी कॉपीतला एक काना हलला नाही. छापखान्याचे मालक तर खूश झाले. जुळवलेल्या पानांतले जाड खिळे काढून साधे बसवायला कंपोझिटरला थोडा वेळ लागला, पण त्यांची केस पुन्हा भरली. पुढचे फर्मे पहिल्यापासूनच साधे जुळले.

नवीन प्रूफ आलं ते मी दोड्डप्पांच्या टेबलावर ठेवलं आणि कामावर निघून गेले.

संध्याकाळी ते त्यांच्या खोलीतच वाचत बसले होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. ते बरंच पुढे गेले होते, गोज्जु मागे टाकून. आता पानावर कुठेच काही उठून दिसत नव्हतं. ओग्गरणे आणि कोथिंबीर, हद आणि गूळ, एकाच अंगाच्या अक्षरांत ओळीने बसले होते. मी स्वतः शोधू गेले तरी कुठला शब्द आमचा आणि कुठला शेजारचा, ते डोळ्यांना सांगता येत नव्हतं.

"सगळं सलग बोलायची का ती अशी?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला ऐकू यायचंच की."

"ऐकू यायचं. माझ्याशी नसायचं ना ते." त्यांनी पान उलटलं. "त्या खुणा कॉपीत आहेत का अजून? की पुसल्यास?"

"आहेत सगळ्या."

"असू देत." आणि मग, पुन्हा वाचू लागत, "छाप."

नवमीला सवाष्णी आल्या, जेवल्या. प्रत्येकीच्या ओटीत खण, नारळ आणि आईचं पुस्तक गेलं. होसकोट्याहून आलेल्या आतेने ते तिथेच उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "मीठ स्वल्प," आणि अगदी आईसारखा हात हलवून दाखवला. बायका हसल्या. कुणी तो शब्द वेगळा आहे असं म्हणाली नाही. त्यांना तसं वाटलंच नाही.

मग पुरुषांची पंगत बसली. दोड्डप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून. वहिनी या पंगतीसाठी वेगळ्या केलेल्या गोज्जुचं भांडं घेऊन सगळ्यांत आधी त्यांच्याकडे आली, आई करायची तशीच, दुसरा वाटा घालायच्या आधी. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"सगळ्यांना वाढशील तेव्हा मला वाढ."

वहिनी थबकली. "दोड्डप्पा, ते तिखट असतं."

"ठाऊक आहे. वाचलंय मी."

ती आत गेली, उरलेलं तिखट घातलं, आणि पंगतीत शेवटी त्यांना वाढलं. दोड्डप्पांनी ते भाताबरोबर शांतपणे संपवलं. डोळ्यांतून पाणी आलं. एक तांब्या पाणी प्याले, दुसरा मागवला. अण्णा शेजारी बसून मान खाली घालून जेवत होते. वहिनी पुन्हा भांडं घेऊन आली तेव्हा दोड्डप्पांना धड बोलता येत नव्हतं. तरी पान पुढे सरकवून ते म्हणाले, "स्वल्प."

त्यानंतर घरात तिखटाचे दोन वाटे होतच राहिले, कारण त्यांना सोसत नव्हतं हे खरंच होतं. पण दर वर्षी नवमीला, त्या एका दिवशी, ते शेवटी वाढून घ्यायचे आणि पाणी प्यायचे. गेल्या नवमीलाही प्याले.

आता पुन्हा छापायचं तर आईच्या वाक्यापुढे हे यायला हवं. वहिनीचंही तेच म्हणणं पडलं. मी ते समासात लिहिलं आहे: "दोड्डप्पा नवमीला सगळ्यांचंच खातात. त्या दिवशी दुसरा तांब्या जवळ ठेवा." लिहिताना अडले ती खुणेपाशी. हे आईचे बोल नव्हेत, 'बो' लावता येत नाही. कृतीही नव्हे. शेवटी नवी खूण केली, 'दो'. वेषाच्या कागदावर सगळ्या खुणांच्या खाली ती लिहिली.

तिच्या समोरची जागा अजून कोरी आहे. जाड, साधं, सलग, वेगळ्या ओळीत, काय करायचं ते ठरवते आहे. घाई नाही. छापखान्यात द्यायला अजून वेळ आहे, आणि मजकूर झालेला आहे.